समोर बसून घेतलेला संशय

नरहर उमरीकर दूधवाल्याला 'दुधात पाणी घातलंस का' असं कधी विचारत नसत. ते विचारत, "आज कितना डाला?" दूधवाला हसून म्हणे, "साहब, आज तो बिल्कुल नहीं." त्यावर उमरीकर आत वळून बायकोला सांगत, "ऐकलंस? म्हणजे काल घातलं होतं."

लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. त्यामुळे हा संवाद मी बरीच वर्षं सकाळच्या चहाबरोबर ऐकत आलो. आम्ही एकाच कंपनीत. कंपनी शेतीचे पंप बनवते. मुख्य कचेरी पुण्याकडे आणि उत्तरेची शाखा लखनौला. मी हिशेब विभागात आणि उमरीकर माल तपासणीवर, म्हणजे गावोगावच्या गोदामांत जाऊन कागदावरचा माल आणि प्रत्यक्षातला माल ताडून बघायचा. या कामासाठी देवाने मुद्दाम घडवलेला माणूस होता तो. एकदा पूर्वेकडच्या एका गोदामात बेअरिंगचे खोके कपाटात अगदी शिस्तीत रचलेले होते. आधीचे तपासनीस खोके मोजून सही करून परत आले होते. उमरीकरांनी एक खोका हातात घेतला आणि म्हणाले, "खोका जुना आहे, मग चिकटपट्टी नवी कशी?" आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड निघाले. कंपनीने त्यांना प्रशस्तिपत्र दिलं. त्यावरची सही खरी आहे का, हे त्यांनी मला दाखवून खात्री करून घेतली.

कचेरीत शोभणारा गुण घरी मात्र जड व्हायचा. शिंप्याकडे कापड टाकलं की ते बेतून कापलं जाईपर्यंत हे समोर उभे. चौकातून, म्हणजे जुन्या लखनौच्या बाजारातून, चिकनच्या भरतकामाचा कुर्ता घ्यायचा तर आधी उलटा करून, भिंगातून मागच्या गाठी बघणार. भिंग कायम खिशात. आणि ठिपके. स्कूटर दुरुस्तीला द्यायच्या आधी ते तिच्या महत्त्वाच्या प्रत्येक भागावर सुनीतीवहिनींच्या लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका ठेवत. स्कूटर परत आली की अंगणात उकिडवं बसून ठिपके तपासत. भाग बदलला असेल तर कळावं म्हणून. वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाटली माझ्या नावाने येते. नखं मात्र स्कूटरची रंगतात."

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एका इलेक्ट्रिशियनने त्यांच्या घरी पंखा दुरुस्त केला आणि नंतर पंखा हळू फिरू लागला. उमरीकर त्याला काही बोलले नाहीत. कॉलनीत मात्र घरोघर सांगितलं की त्याने आतला चांगला भाग काढून नेला. पुढे कळलं की त्या दिवसांत सगळ्या गल्लीतच वीज कमी दाबाने येत होती. तो इलेक्ट्रिशियन आमच्या गल्लीत पुन्हा आला नाही. त्याला कुणी बोलावलंच नाही. मी उमरीकरांना हे म्हणालो, तर त्यांचं उत्तर होतं, "या वेळी सापडला नाही, एवढंच."

आता त्यांच्या लॅपटॉपबद्दल. हे १९९७ सालचं.

तो लॅपटॉप मुख्य कचेरीतल्या एका साहेबांनी वापरून जुना केलेला होता. त्यांना नवा आला तेव्हा जुना आमच्या शाखेकडे पाठवला आणि दौऱ्यावर याद्या करायला म्हणून तो उमरीकरांना मिळाला. पाट्यावरच्या वरवंट्याइतका जड. झाकण उघडताना बिजागरी कुरकुरायची. पण आमच्या शाखेत दुसऱ्या कुणाकडे लॅपटॉप नव्हता आणि उमरीकर त्याला तान्ह्या मुलासारखं जपत. त्याच्या बुडाच्या प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका होता, हे सांगायला नकोच.

कचेरीतल्या कॉम्प्युटरची देखभाल शिवाजी कदम नावाचा तरुण करत असे. नाव मराठी, पण जन्म लखनौचा. मराठीत विचारलं तर सगळं कळायचं, उत्तर हिंदीत यायचं. त्याचे वडील राजाराम कदम सांगली जिल्ह्यातले, विट्याकडचे. त्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सराफांचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. राजारामांचं दुकान चौकात गोल दरवाजाजवळच्या गल्लीत. खाली बापाची भट्टी आणि वरच्या खोलीत मुलाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम. दारावर दोन पाट्या, एकीखाली एक.

श्रावणात उमरीकर तापाने घरी होते. त्या दिवसांत कचेरीतल्या कुणीतरी त्यांचा लॅपटॉप उघडला, तर स्क्रीनवर उभ्या रेघा दिसू लागल्या होत्या. झाकण मागे-पुढे केलं की रेघा हलायच्या. शिवाजीने बघून सांगितलं की बिजागरीतून स्क्रीनकडे जाणारी वायर सैल झाली आहे, दुकानात नेऊन खोलावं लागेल. शाखेच्या साहेबांनी हो म्हटलं. तो नीट करून घेऊनही आला. स्क्रीन लख्ख झाली होती.

उमरीकर ताप उतरून आले आणि त्यांनी आधी लॅपटॉप उलटा केला. एकही ठिपका जागेवर नव्हता.

"कुणी खोलला?"

मी सांगितलं.

"माझ्या मागे?"

"अहो, तुम्ही आजारी होता."

"तेच म्हणतोय. मी आजारी असताना."

त्या वेळी ते एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी सगळ्या स्क्रूवर नवे लाल ठिपके दिसले. पण त्यानंतर शिवाजी कचेरीत आला की उमरीकर हातातलं काम ठेवून त्याच्याकडे बघत बसत. तो बिचारा "नमस्ते अंकल" म्हणे. हे मान हलवत, नमस्काराला नमस्कार देत नसत.

मग दसरा आला. उमरीकरांकडे शस्त्रपूजा म्हणजे पाहण्यासारखी. पाटावर माप घ्यायची टेप, पंपाचा दाब मोजायचं यंत्र, भिंग, वहिनींच्या शिवणयंत्राचं चाक, बाहेर स्कूटर. त्या वर्षी मध्यभागी लॅपटॉप, झाकण उघडून ठेवलेला. मी सोनं द्यायला गेलो होतो. लखनौत आपट्याची पानं कुठली मिळायला, आम्ही कचनारची पानं सोनं म्हणून देतो. मी सहज म्हटलं, "झाकण मिटून ठेवा ना, आत फुलं जातील." उमरीकर म्हणाले, "मिटून पूजा म्हणजे देवाच्या पाठीला गंध लावल्यासारखं. यंत्राचं तोंड आत आहे." आणि कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवून, हळदकुंकू वाहून, अक्षता टाकल्या. पूजा झाल्यावर स्वतः कुंचल्याने सगळं झटकून घेतलं. त्यांच्या झटकण्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनात येणार?

दिवाळीच्या आधी लॅपटॉपची स्क्रीन काळी पडायला लागली.

आधी अधूनमधून. उघडला की कधी उजेड, कधी नाही. टेबलावर जरा आपटला की येई. उमरीकरांनी काही दिवस असं आपटून काम केलं. मग एके सकाळी तो चालू झाला, आतला पंखा घुरघुरला, पण पडदा काळाच राहिला. आपटूनही उपयोग होईना. उमरीकर मला बोलावून म्हणाले, "बघा वझलवार. श्रावणात तो घेऊन गेला आणि दिवाळीत दिवा गेला."

"जुनं यंत्र आहे," मी म्हटलं.

"यंत्र जुनं आहे. दिवा श्रावणापर्यंत चांगला होता."

शिवाजीला बोलावलं. त्याने आधी कचेरीतला मोठा मॉनिटर लॅपटॉपच्या मागे जोडला. त्यावर चित्र स्वच्छ आलं. "यानी मशीन ठीक है," तो म्हणाला. मग मॉनिटर काढून खिशातली टॉर्च काळ्या स्क्रीनवर तिरपी धरली आणि आम्हाला वाकून बघायला सांगितलं. विहिरीच्या तळाशी काहीतरी दिसावं तशी पुसट अक्षरं दिसत होती. "तसवीर है अंकल, रोशनी नहीं है. स्क्रीन के पीछे बत्ती होती है. या तो वो गई, या उसको करंट देनेवाली पट्टी." त्याने थोडा विचार केला. "मुझे लगता है पट्टी गई. दिल्ली से मँगानी पड़ेगी."

उमरीकर हाताची घडी घालून उभे होते. "श्रावणात ही पट्टी आत होती?"

"थी ना."

"तू बघितलीस?"

"देखी होगी, अंकल. खोला था तो."

"देखी की देखी होगी?"

शिवाजी गोंधळला. माझ्याकडे बघू लागला.

"मी सांगतो," उमरीकर शांतपणे म्हणाले. "चांगली पट्टी होती. ती कुठल्यातरी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपमध्ये आज उजेड पाडते आहे. त्याची मरतुकडी माझ्यात आली. दोन महिने चालली आणि गेली."

पोराचा चेहरा उतरला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "अंकल, आपको जो करना है कीजिए. बस पापा को मत बताइएगा."

हे ऐकून माझ्याही मनात पाल चुकचुकली, हे खरं. ज्याने काही केलेलं नाही तो असं कशाला म्हणेल? उमरीकरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत गोदामातला खोका उचलतानाची चमक होती.

त्यांनी तक्रार लिहून काढली. शिवाजीचं देखभालीचं काम दर वर्षी नव्याने द्यायचं असे आणि ते कागद माझ्या टेबलावरून जात. आमची शाखा म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. अशी तक्रार साहेबांपुढे गेली असती तर काम तिथेच संपलं असतं, आणि का संपलं हे चौकापर्यंत पोचायला वेळ लागला नसता. मला पंख्याचा तो इलेक्ट्रिशियन आठवला. मी म्हटलं, "उमरीकर, पाठवण्याआधी एकदा खोलून तरी बघा. पट्टी जुनी की बदललेली, ते दिसेल."

"कुणाकडून खोलू? चोराकडून?"

"मग त्याच्या बापासमोर खोला."

मी हे वाद थांबवायला म्हटलं होतं. पण त्यांना ते पटलं. शिवाजीला बापाला कळायला नको होतं, म्हणजे खरं बापासमोरच निघणार, असा त्यांचा हिशेब.

रविवारी सकाळी आम्ही चौकात गेलो. उमरीकर, मी आणि सुनीतीवहिनी. वहिनींना एक कुर्ता बदलून घ्यायचा होता. "आणि मी नसले तर हे तिथे काय बोलून येतील," असं त्या मला म्हणाल्या. गोल दरवाजाशी ऑटो सोडली आणि गल्लीतून चालत निघालो. उमरीकरांनी लॅपटॉप जुन्या चादरीत गुंडाळून छातीशी धरला होता. कुणी ओढून नेईल म्हणून दोरी मनगटाला बांधलेली.

राजाराम कदमांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला भट्टी, तिच्यात लालभडक मूस. समोर एक सराफ मांडी घालून बसला होता आणि नजर मुशीवरून हलवत नव्हता. राजारामही त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हते. भट्टीखाली आणि आजूबाजूला पांढरं कापड अंथरलेलं. आम्हाला हाताने 'बसा' अशी खूण करून त्यांनी काम पुरं केलं, लगडी पाण्यात चुर्र करून थंड केली आणि सराफाच्या हातात दिली. तो उठून गेला, मग आमच्याकडे वळले.

"नमस्कार साहेब. आमच्या शिवाजीचे कंपनीवाले ना तुम्ही? च्या सांगू का?"

उमरीकरांनी चहा नको म्हटलं आणि सगळी हकीकत मांडली. गोदामाचा अहवाल सांगावा तशी. श्रावण, ताप, ठिपके, दिवाळी, पट्टी. शेवटी म्हणाले, "आणि तुमचा मुलगा म्हणतो, पापांना सांगू नका."

राजाराम ऐकत होते.  मग जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "शिवा, खाली ये." शिवाजी उतरला. आम्हाला बघून पायरीवरच थांबला.

"साहेब," राजाराम म्हणाले, "ह्याला मी वरची खोली दिली तवा एकच अट घातली. खालच्या नावावर तुझा धंदा चालनार. वर काय कमीजास्त झालं, तर लोक म्हणनार, कदमाकडं वस्तू बदलत्यात. मग माझ्याकडं गुंजभर सोनं घेऊन कोन येईल? तवा येक जरी अशी तक्रार आली, तर तुजी पाटी मी उतरवीन. म्हनून तो तुमाला म्हनाला, सांगू नका."

मी मान खाली घातली. उमरीकरांनी घातली नाही. ते म्हणाले, "किंवा खरंच बदलली म्हणून."

"आसंल," राजाराम म्हणाले. "आसंल तर पाटी आज उतरंल. शिवा, यंत्र हितं ठेव. साहेबाच्या म्होरं खोल."

त्यांनी भट्टीपासून दूर, दाराच्या उजेडात, नवं पांढरं कापड अंथरलं. त्यांच्या धंद्यात काम नेहमी कापडावर करतात. सोन्याचा कण उडाला तर कापडावर पडावा म्हणून. झाडलेला केरसुद्धा तिथे फेकत नाहीत. शिवाजी एका बाजूला, त्याच्या समोर उमरीकर भिंग घेऊन, बाजूला राजाराम. वहिनी आणि मी बाकावर.  मला राहूनराहून वाटत होतं की आत काहीतरी बदललेलं निघणार आणि आपण उगाच पोराची बाजू घेतली.

शिवाजीने लॅपटॉप उलटा केला. उमरीकरांनी ठिपके बघितले. "आहेत जागेवर. श्रावणानंतर कुणी खोललेला नाही. लिहून घ्या वझलवार." मी काही लिहिलं नाही. शिवाजीने पेचकस बुडाच्या पहिल्या स्क्रूवर ठेवला. स्क्रू घट्ट होता. त्याने पेचकसाच्या मुठीने बुडावर दोन-तीनदा ठोकलं.

कापडावर लाल असं काहीतरी पडलं.

"थांब," उमरीकर ओरडले नाहीत, पण आवाज असा होता की शिवाजीचा हात हवेतच राहिला. "माझा ठिपका उडाला. कुठला स्क्रू? मघाशी सगळे होते. हाताने काय केलंस?"

"अंकल, मैंने तो अभी घुमाया भी नहीं."

"मग हे लाल कुठून आलं?" त्यांनी पुन्हा सगळे ठिपके भिंगाने बघितले. सगळे होते. यावर ते आणखीच अस्वस्थ झाले. "ठीक आहे. पुढे जाऊ नकोस. सरळ कर आणि आहे तसा एकदा चालू करून दाखव. नाहीतर मागाहून म्हणशील, खोलताना बिघडला."

शिवाजीने निमूटपणे लॅपटॉप सरळ ठेवला, झाकण उघडलं, बटण दाबलं. पंखा घुरघुरला. आणि स्क्रीन उजळली. श्रावणात आणला होता तशी लख्ख.



"तू काय केलंस?" उमरीकर म्हणाले.

"कुछ नहीं किया."

"म्हणजे तुला माहीत होतं कुठे ठोकायचं ते."

"आहो," वहिनी पहिल्यांदाच बोलल्या, "आता उजेड आला तरी तुमचा अंधारच का?"

राजारामांचं लक्ष यांच्याकडे नव्हतंच. सवयीने ते कापडावर काय पडलं ते बघत होते. बोटाच्या टोकाला थुंकी लावून त्यांनी तो लाल कण उचलला आणि उमरीकरांपुढे धरला. "साहेब, तुमच्या भिंगातनं बघा. नखरंग न्हाई ह्यो."

उमरीकरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग माझ्याकडे दिलं. तांदळाचा अर्धा दाणा होता. कुंकवाने माखलेला.

तेवढ्यात शिवाजी बिजागरीजवळ वाकला होता. कीबोर्डच्या वर, कडेला, एक बारीक खाच होती. त्यात बोटाच्या नखाएवढंही नाही असं बटण. झाकण मिटलं की ते दाबलं जातं आणि आतला दिवा विझतो, म्हणजे वीज वाया जात नाही. त्याने ते टाचणीने दाबलं. स्क्रीन काळी. सोडलं. स्क्रीन उजळ. त्याने कपाळाला हात लावला. "यही फँसा था. ये बटन दबा रह गया था. मुझे सबसे पहले यही देखना चाहिए था. मैं सीधा पट्टी पे चला गया."

"तांदूळ इथे आला कसा?" उमरीकर म्हणाले. मला वाटलं आता त्यांना उमगेल. पण संशयाची गाडी एका ब्रेकने थांबत नाही. "श्रावणात तुमच्याकडे पूजा झाली असेल. यंत्र इथे होतं."

राजाराम म्हणाले, "आमच्याकडं अक्षता हळदीच्या आसत्यात, साहेब. कुकवाच्या न्हाईत."

"आणा इकडे तो," वहिनी बाकावरून उठल्या. त्यांनी दाणा तळहातावर घेतला, दोन बोटांत जरा चोळला आणि बोटं नवऱ्याच्या नाकापुढे धरली. "वास घ्या. तुपाचा हात आहे. कुंकू तांदळाला धरून राहावं म्हणून आपल्याकडे अक्षतांना तूप लावतात. तुमच्या आईंची पद्धत. लखनौत दुसऱ्या कुठल्या घरात लावत असतील असं मला वाटत नाही. आणि तांदूळ रेशनचा आहे. पूजेला बासमती नको, असं तुम्हीच म्हणता."

 उमरीकरांनी दाणा घेतला, भिंगाखाली धरून त्या खाचेत टाचणीने पुन्हा बसवला. स्क्रीन काळी झाली. काढला. उजळली. पुन्हा बसवला, पुन्हा काढला. तुपामुळे तो आत चिकटत होता. आधी सैल असेल तेव्हा आपटल्यावर सुटत असणार. रोज झाकण मिटून मिटून तो आत रुतला. गोदामात ते माल असाच तपासत, एकदा मोजून कधी भागत नसे. त्यांचं तपासणं आम्ही सगळे बघत बसलो. शेवटी त्यांनी दाणा कापडावर ठेवला आणि भिंग खिशात टाकलं.

"पाटी राहू द्या," ते राजारामांना म्हणाले.

एवढंच. चुकलो म्हणाले नाहीत. शिवाजी पेचकस पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "अंकल, आप किसी और को दिखा लिया कीजिए. मैं आपकी मशीन को अब हाथ नहीं लगाऊँगा."

मला ते रास्तच वाटलं. पण राजाराम त्याच्यावर खेकसले, "गप. त्यांनी संशय घेतला त्यात काय झालं? मघाशी सराफ बसला हुता, तो काय माझं तोंड बघायला? रोज बसतो, इस वर्सं झाली. मला राग येतो का?" मग उमरीकरांकडे वळले. आवाज चढवला नाही. "पन साहेब, एक सांगू का. संशय घ्यावा. समोर बसून घ्यावा. उठून जाऊन घेऊ नये."

उमरीकरांनी खिशातून तक्रारीचा कागद काढला. मला वाटलं फाडतील. त्यांनी तो राजारामांच्या हातात दिला. "हा वाचा. हे मी तुमच्या मागे लिहिलं होतं." राजारामांना फारसं वाचता येत नव्हतं. त्यांनी तो मुलाकडे दिला. शिवाजीने वाचला, घडी घातली आणि भट्टीत टाकू का, अशा नजरेने बापाकडे बघितलं. बापाने होकाराची मान हलवली.

मग चहा आला. या वेळी उमरीकर नको म्हणाले नाहीत. पहिला घोट घेण्याआधी कपात जरा बघितलं, पण प्यायले.

शिवाजीचं काम त्या वर्षी पुन्हा त्यालाच मिळालं. उमरीकरांच्या शेऱ्यासह: दुरुस्ती वापरणाऱ्याच्या समोर व्हावी. साहेबांना ही अट विचित्र वाटली. शिवाजीला वाटली नाही. लॅपटॉपला हात लावायचा असला की तो आधी विचारायचा, "अंकल बैठे हैं क्या?" आणि हे नसतील तर दुसऱ्या दिवशी यायचा. कॉलनीत मात्र इलेक्ट्रिशियनबद्दल पसरवलेली गोष्ट उमरीकरांनी कधी परत घेतल्याचं मला ठाऊक नाही. तो माणूस आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेलीबागेकडे काम करतो, असं ऐकतो.

पुढच्या दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो तर पाटासमोर शिवाजी मांडी घालून बसलेला. उमरीकरांनी त्याला मुद्दाम बोलावलं होतं. हातात अक्षता घेऊन ते म्हणाले, "नीट बघ. कुठे टाकू, ते सांग."

"अंकल, ढक्कन बंद करके."

"पाठीला गंध?"

"पीठ ही सही," शिवाजी म्हणाला. "भगवान बुरा नहीं मानेंगे. बटन बुरा मान जाता है."

उमरीकरांनी हातातल्या अक्षतांकडे बघितलं. मग झाकण मिटलं आणि वरून अक्षता वाहिल्या. शिवाजी एकेक दाणा कुठे पडतो ते बघत होता, त्याच्या बापासमोर सराफ बघतो तसा. उमरीकरांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

निघताना वहिनींनी मला कुंकू आणि अक्षता लावायला करंडा पुढे केला. त्याच्या झाकणावर आणि बुडावर, दोन्हीकडे, नेलपॉलिशचा एकेक ताजा लाल ठिपका होता. मी वहिनींकडे बघितलं.

"बघताय काय," त्या म्हणाल्या. "आता संशय माझ्यावर आलाय. पण समोर बसून लावलेत, हं."